चापाची ओढ : हलकी कीं जड ?



पिस्तुलाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत पहिली गोळी सुटण्यापूर्वीं एक लहानसा विधि होतो; प्रेक्षकांच्या दृष्टीस तो बहुधा पडत नाहीं. स्पर्धकाचें पिस्तूल तपासणीच्या टेबलावर येतें. नळीचें तोंड वर करून तें उभें धरतात, चापाच्या मध्यावर एक आंकडा अडकवितात, आणि त्या आंकड्याला जोडलेलें बरोबर ५०० ग्रॅमांचें वजन टेबलावरून अलगद उचलतात. वजन अधांतरीं झालें तरी चाप सुटला नाहीं, तर पिस्तूल पसंत. वजन पुरतें उचलण्याच्या आंतच चाप खट्‌कन सुटला, तर तो पुन्हां जुळवून आणल्याखेरीज तें पिस्तूल स्पर्धेंत चालत नाहीं. १० मीटरच्या हवाई पिस्तुलाला ही अर्ध्या किलोची अट आहे. २५ मीटरच्या पिस्तुलाला पुऱ्या १००० ग्रॅमांची आहे.

या अटींत एक गंमत आहे. चाप कमींत कमी किती जड असावा हें नियमानें सांगितलें आहे. अधिकांत अधिक किती जड असावा याविषयीं नियम मुका आहे. एखाद्यानें तीन किलोंचा चाप घेऊन उभें राहावयाचें ठरविलें, तर त्याला कोणी अडविणार नाहीं. म्हणजे खालची सीमा सर्वांना सारखी, आणि तिच्या पलीकडचा सारा प्रदेश ज्याच्या त्याच्या आवडीचा. ही आवड कशावर ठरते, तिला कितपत मान द्यावा, आणि जेथें गोळीपुढें कागद नसून माणूस असूं शकतो तेथें कोणाची आवड चालावी, यासंबंधीं आज मी चार शब्द बोलणार आहें.

आधीं शब्दांचा घोळ मिटवूं. बोलतांना आपण "त्यानें घोडा दाबला" असें सहज म्हणतों. परंतु हत्यारांच्या जाणकाराला घोडा निराळा आणि चाप निराळा. घोडा म्हणजे मागून येऊन काडतुसावर आघात घडविणारा लोखंडी तुकडा. चाप म्हणजे खालच्या कडीच्या आंत असलेली, तर्जनीनें मागें ओढावयाची कळ. घोडा कमानीच्या जोरानें पुढें झेंप घेण्यास टपलेला असतो व एक लहानसा अडसर त्याला रोखून धरतो. चाप ओढला म्हणजे तो अडसर सरकतो आणि घोडा मोकळा होतो. हवाई पिस्तुलांत घोड्याच्या जागीं एक दट्ट्या असतो व तो कोंडलेल्या हवेची झडप क्षणभर उघडतो. पण बोटाच्या दृष्टीनें मामला तोच. चाप सुटेपर्यंत बोटाला जो जोर लावावा लागतो, त्याला मी या भाषणांत चापाची ओढ म्हणेन.

आतां प्रश्न असा कीं, एवढ्याशा ओढीला इतकें महत्त्व कां ? नेम धरतो डोळा, पिस्तूल पेलतो दंड, मग तर्जनीची एवढी मिजास कशासाठीं ? थोडा हिशेब करूं, म्हणजे उलगडा होईल.

हवाई पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहा गुणांचें वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचें असतें. आपल्या करंगळीच्या नखाहून फार मोठें नव्हे. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. छर्ऱ्याची कड वर्तुळाला नुसती शिवली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिलिमीटर दूर गेला तरी चालतें. पिस्तुलाच्या नळीच्या टोकाशीं एक उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. आणि मागच्या बाजूस एक खाच असते. माशी खाचेच्या बरोबर मधोमध दिसली पाहिजे. या दोहोंमधील अंतर ३२ सेंटिमीटर धरूं. १० मीटरांवर ८ मिलिमीटरांची चूक व्हावयास माशी खाचेंत किती सरकावी लागेल ? पाव मिलिमीटर ! एखाद्या पोस्टकार्डाच्या जाडीइतकें अंतर. उलट सबंध हातच जागच्या जागीं तीन मिलिमीटर डावीकडे झुकला, पण माशी आणि खाच यांची जुळणी व रोख कायम राहिला, तर लक्ष्यावरची चूकहि तीन मिलिमीटरच राहते व गुण दहाच पडतात. नवशिका हाताच्या डुलण्याला भितो. वास्तविक तें डुलणें बरेंच क्षम्य आहे. क्षम्य नाहीं तें शेवटच्या क्षणीं बोटानें पिस्तुलाला दिलेलें वळण.

आणि हें वळण मिळण्यास कारणेंहि तशींच आहेत. पिस्तुलाचें वजन साधारण एक किलो. नियमाप्रमाणें हवाई पिस्तूल दीड किलोच्या वर जातां कामा नये. तें एका हातानें, दुसऱ्या हाताचा टेका न घेतां, खांद्याच्या उंचीवर धरावयाचें. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्यें तुर्कस्तानचे युसुफ डिकेच डावा हात खिशांत घालून उभे राहिले आणि त्यांच्या त्या छायाचित्रानें साऱ्या जगाला वेड लावलें. खिशांतला हात ही त्यांची एकट्याची ऐट नव्हे. मोकळा हात स्थिर ठेवण्याची ती नेमबाजांची जुनी रीत आहे. अशा एका हातावर तोललेल्या किलोभर वजनाला तर्जनी अर्ध्या किलोच्या जोरानें मागें खेंचते. ही खेंच नळीच्या रेषेंत सरळ मागें गेली तर ठीक. किंचित् तिरपी गेली, किंवा तर्जनीबरोबर इतर बोटांनींहि मूठ आवळली, कीं पाव मिलिमीटर केव्हांच हरवतो.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे चाप जितका हलका करतां येईल तितका करणें. तर्क सरळ आहे, परंतु अनुभव त्याच्या बाजूनें उभा राहत नाहीं. याचा उत्तम पुरावा ५० मीटरच्या मुक्त पिस्तुलाच्या स्पर्धेंत मिळे. ही स्पर्धा २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपर्यंत होती, पुढें ती ऑलिंपिकमधून वगळण्यांत आली. दक्षिण कोरियाच्या जिन जोंग-ओ यांनीं २००८, २०१२ आणि २०१६ अशी सलग तीन वेळां ती जिंकली. तिच्यांत चापाच्या ओढीला खालची मर्यादा मुळींच नव्हती. घड्याळजीनें करावी तशा कारागिरीनें चाप कांहीं थोड्या ग्रॅमांवर आणून ठेवतां येई. बोटाचा नुसता स्पर्श झाला कीं गोळी बाहेर. आणि तेथेंच अडचण होती. बोटाला आपण कांहीं करीत आहोंत याची जाणीवच राहत नाहीं. नेम जुळेपर्यंत बोट चापापासून दूर, हवेंत धरावें लागतें, आणि नंतर एखाद्या झोंपलेल्या मांजराला हात लावावा तसें जपून टेकवावें लागतें. ज्यांना हें साधे त्यांना तें वरदान होतें. ज्यांना साधत नसे त्यांची गोळी त्यांच्या इच्छेच्या अगोदर निघून जाई. जड चाप हात बिघडवितो हें जितकें खरें, तितकेंच अतिहलका चाप मन बिघडवितो हेंहि खरें.

मनाचा उल्लेख मीं मुद्दाम केला. माशी, खाच आणि लक्ष्य यांची जुळणी डोळ्याला पटल्यापासून बोटाला हुकूम पोंचून तें हलेपर्यंत सेकंदाचा सुमारें पांचवा हिस्सा जातो. तेवढ्यांत हात पुन्हां डुललेला असतो. म्हणून "आतां !" असें म्हणून चाप ओढणारा नेमबाज नेहमीं शिळ्या बातमीवर वागत असतो. जाणते नेमबाज तसें करीत नाहींत. हात लक्ष्याच्या प्रदेशांत स्थिरावत असतांनाच ते चापावर दाब वाढवीत जातात व गोळी नेमकी कोणत्या क्षणीं सुटेल हें स्वतःलाहि पुरतें कळूं देत नाहींत. आतां हा वाढता दाब ज्या चापावर द्यावयाचा, तो चाप बोटाशीं कांहीं बोलला पाहिजे. किती दाब झाला, किती उरला, याची वर्दी त्यानें दिली पाहिजे. आवडीचा खरा प्रश्न येथें सुरू होतो, आणि तो ग्रॅमांचा कमी व या बोलण्याचा अधिक आहे.

पेटी वाजविणाऱ्यांना हें निराळें समजावून सांगण्याची जरुरी नाहीं. दोन पेट्या एकाच सुराच्या असल्या तरी एकीच्या पट्ट्या बोटाखालीं लोण्यासारख्या उतरतात, दुसरीच्या पट्ट्यांना थोडा नकार असतो. कोणाला पहिली आवडते, कोणाला दुसरी. आणि दोघेहि उत्तम वाजवितात. चापाचेंहि तसेंच आहे. स्पर्धेच्या पिस्तुलाचा चाप बहुधा दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यांत तो कमानीच्या विरुद्ध थोडें अंतर मागें येतो व एका जागीं अडतो. दारावर थाप मारून थांबावें तसा हा अटकाव असतो. तेथून आणखी थोडा जोर दिला कीं दुसरा टप्पा, आणि चाप सुटतो. ५०० ग्रॅमांपैकीं ४०० पहिल्या टप्प्याला व १०० दुसऱ्याला अशी वांटणी कोणी करतो. कोणी निम्में-निम्में करतो.

पहिल्या वांटणींत बोटाचें बहुतेक काम नेम जुळण्याच्या आधींच होऊन जातें, आणि शेवटीं उरतो तो नुसता शंभर ग्रॅमांचा किरकोळ हिशेब. ज्याचें बोट बलवान् पण उतावळें असतें, त्याला मात्र ही वांटणी घातक ठरते. चारशें ग्रॅमांच्या ओघांत तो अटकाव ओलांडून केव्हां पुढें गेला हें त्याला उमगत नाहीं. अशा माणसाला दुसऱ्या टप्प्याचा स्पष्ट नकार हवा असतो. भिंतीला हात लागल्यावर जसा धीर येतो तसा त्या नकारानें त्याला येतो. तिसरा एक वर्ग असा आहे कीं, त्याला भिंत नकोच. अटकाव आला कीं त्याच्या मनांत शंका शिरते. "आतां सोडूं कीं नको" या विचारांत तो हात थकेपर्यंत उभा राहतो. त्याला एकसारखा घरंगळत जाणारा, कोठेंहि न अडणारा चाप द्यावा. मग थांबावयास जागाच उरत नाहीं आणि शंकेलाहि उरत नाहीं. हे तिन्ही पक्ष मी बरोबरीचे मानतों. खरखरणारा चाप मात्र कोणाच्याच आवडीचा असूं नये. ओढतांना वाळू भरल्यासारखा अडखळत येणारा, आज एका जागीं व उद्यां दुसऱ्या जागीं सुटणारा चाप ही आवडीनिवडीची बाब नव्हे. ती नादुरुस्ती आहे.

ओढीच्या स्वभावाबरोबरच बोटाची जागा हा दुसरा मुद्दा. पहिल्या पेराच्या मांसल भागाच्या मध्यावर चाप यावा असें बहुतेक शिक्षक सांगतात, कारण स्पर्शाची जाण तेथें अधिक असते व ओढ सरळ मागें जाते. आंखूड बोटांच्या मुलीच्या हातीं लांब मुठीचें पिस्तूल दिलें, तर तिचें बोट टोकानेंच चापाला पोंचतें आणि ओढ तिरपी होते. अशी मुलगी "मला चाप जड वाटतो" अशी तक्रार करते, आणि शिक्षक कमान सैल करतो. दोष असतो मुठीच्या मापाचा. आजच्या स्पर्धा-पिस्तुलांत चाप पुढें-मागें सरकविण्याची व थोडा तिरपा करण्याचीहि सोय असते. ती वापरून पाहिल्याशिवाय ग्रॅमांकडे वळूं नये असें माझें मत आहे.

कामाप्रमाणेंहि ओढ बदलते. २५ मीटरच्या महिलांच्या स्पर्धेचे दोन भाग असतात. पहिल्या भागांत पांच गोळ्यांना पांच मिनिटें मिळतात; दुसऱ्यांत हात खालीं कललेला ठेवून उभें राहावयाचें, लक्ष्य तीन सेकंद खुलें होतें, तेवढ्यांत हात उचलून एक गोळी झाडावयाची. तोच चाप, तेच हजार ग्रॅम. पण पहिल्या भागांत बोटाला विचार करण्यास सवड आणि दुसऱ्यांत मुळींच नाहीं. म्हणून या स्पर्धेंतील नेमबाज सहसा टोकाची आवड धरीत नाहींत. दोन्ही भागांना मानवेल असा मधला स्वभाव पतकरतात. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत याच प्रकारांत सुवर्णपदक मिळविलें. आशियाई स्पर्धांत नेमबाजीचें सुवर्ण मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. अंतिम फेरींत थायलंडच्या स्पर्धकाशीं बरोबरी झाल्यामुळें दोन वेळां जादा फेऱ्या खेळवाव्या लागल्या. अशा वेळीं प्रत्येक गोळीला बोटानें तेंच काम तसेंच करावयाचें असतें, आणि चापाचें बोलणें ओळखीचें नसेल तर तें शक्य नसतें.

मनू भाकर यांचें उदाहरण याहूनहि बोधक आहे. २०२४ सालीं पॅरिस येथें त्यांनीं १० मीटरच्या प्रकारांत एकटीनें व सरबज्योत सिंग यांच्यासह अशीं दोन कांस्यपदकें जिंकलीं, आणि त्याच आठवड्यांत २५ मीटरच्या प्रकारांत त्या चौथ्या आल्या. म्हणजे थोड्या दिवसांच्या अंतरानें एकच तर्जनी अर्ध्या किलोच्या चापावरून एका किलोच्या चापावर गेली आणि दोन्हीकडे जगांतील पहिल्या चारांत राहिली. "मला अमुकच ग्रॅमांचा चाप लागतो, त्याखेरीज हात चालत नाहीं" असें जे म्हणतात, त्यांनीं याचा विचार करावा. आवड ही खरी गोष्ट आहे, पण ती जन्मजात नव्हे. सरावानें ती घडते आणि सरावानें बदलतेहि.

या बाबतींत हंगेरीच्या कॅरोली टाकाच यांचें नांव घेतल्यावांचून राहवत नाहीं. हा सैन्यांतला उत्कृष्ट पिस्तूलबाज. १९३८ सालीं हातबाँबच्या स्फोटांत त्यांचा उजवा हात, ज्या हातानें नेम धरावयाचा तोच, निकामी झाला. त्यांनीं डाव्या हाताला शिकविलें. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें व पुन्हां १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्यें जलद गोळीबाराच्या पिस्तूलस्पर्धेचें सुवर्णपदक त्यांनीं डाव्या हातानें मिळविलें. उजव्या तर्जनीची जी कांहीं आवडनिवड वर्षानुवर्षांच्या सरावांतून तयार झाली असेल, ती स्फोटाबरोबर गेली. डाव्या तर्जनीला सारें पहिल्यापासून शिकावें लागलें, आणि ती शिकली.

आतांपर्यंत मी कागदाच्या लक्ष्याविषयीं बोललों. कमरेला पिस्तूल लावून रस्त्यावर उभा राहणारा पोलिस किंवा सैनिक यांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या चापाची ओढ त्यांच्या आवडीनें ठरत नाहीं. ती खातें ठरवितें. आणि खात्याला एकाच वेळीं दोन भयें असतात: नको तेव्हां गोळी सुटण्याचें, आणि हवी तेव्हां ती भलतीकडे जाण्याचें. चाप जड केला तर पहिलें भय कमी होतें व दुसरें वाढतें. हलका केला तर उलट.

जुन्या रिव्हॉल्व्हरमध्यें या दोहोंची तडजोड होती. घोडा आंगठ्यानें मागें ओढून ठेवला तर चाप दोनएक किलोंच्या ओढीनें सुटे. तसें न करतां सरळ चापच ओढला तर तोच चाप घोड्याला मागें नेई व सोडी, आणि त्याला पांच-सहा किलोंचा लांबलचक जोर लागे. दोन्हींपैकीं कोणती रीत वापरावयाची हें माणसाच्या हातीं होतें. ब्रिटिश सैन्यानें १९३८ पासून आपल्या एनफील्ड रिव्हॉल्व्हरच्या घोड्याचा आंगठ्यानें ओढावयाचा खुंट काढून टाकला, कारण रणगाड्यांत चढतां-उतरतां तो अडके. रणगाड्यांतल्या माणसाची सोय झाली. परंतु हलक्या ओढीची वाट सर्वांनाच बंद झाली.

न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांची हकीकत याच वळणाची, पण अधिक गंभीर आहे. त्यांच्या हातीं पिढ्यान् पिढ्या रिव्हॉल्व्हर होतें. १९९३ सालीं त्यांना स्वयंचलित पिस्तुलें वापरण्याची मुभा मिळाली. ग्लॉक जातीच्या अशा पिस्तुलाची नेहमींची ओढ साडेपांच पौंड, म्हणजे सुमारें अडीच किलो. रिव्हॉल्व्हरच्या जड, लांब ओढीला सरावलेलीं बोटें या हलक्या चापावर घसरतील अशी खात्याला धास्ती वाटली, म्हणून चापाला मुद्दाम जड कमान बसवून ओढ १२ पौंडांवर नेण्यांत आली. १२ पौंड म्हणजे जवळजवळ साडेपांच किलो. पिस्तुलाचें स्वतःचें वजन किलोभराहूनहि कमी. त्याच्या पांच-सहापट जोर एका बोटानें लावावयाचा, आणि तरी नळी हलूं द्यावयाची नाहीं!

२४ ऑगस्ट २०१२ रोजीं सकाळीं एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या समोर एका खुनी इसमानें पोलिसांवर पिस्तूल रोखलें. दोन पोलिसांनीं मिळून १६ गोळ्या झाडल्या. तो इसम ठार झाला. परंतु त्याबरोबर पोलिसांच्या गोळ्यांनीं किंवा त्यांच्या उडालेल्या तुकड्यांनीं रस्त्यावरचे नऊ निरपराध लोक जखमी झाले. यानंतर त्या जड चापावर पुष्कळ चर्चा झाली. साऱ्या दोषाचें खापर चापावर फोडणें न्यायाचें होणार नाहीं. गर्दीचा फुटपाथ, हाताच्या अंतरावरचा सशस्त्र माणूस आणि विचाराला मिळालेले दोन-चार सेकंद. अशा वेळीं कोणताहि हात डळमळेल. पण डळमळणाऱ्या हाताला साडेपांच किलोंची ओढ मदत करीत नाहीं, हेंहि तितकेंच उघड आहे.

जड चापाचे पुरस्कर्ते अडाणी आहेत असें मात्र कोणी समजूं नये. आतां ऐकतां ऐकतांच एक प्रयोग करून पाहा. उजवा हात सैल सोडा व डावी मूठ एकाएकीं जोरानें आवळा. उजव्या हाताच्या बोटांत किंचित् हालचाल जाणवेल. डाव्या हातानें कोणाला पकडतांना, पाय घसरतांना किंवा दचकतांना उजव्या तर्जनीनें आपोआप आंखडावें हा शरीराचा धर्म आहे. तर्जनी त्या वेळीं चापावर असेल तर अडीच किलोंची ओढ तिला थोपवीलच अशी खात्री नाहीं. म्हणूनच साऱ्या जगांत शिकवितात कीं, गोळी झाडण्याचा निश्चय होईपर्यंत तर्जनी कडीच्या बाहेर, नळीच्या अंगाला सरळ ठेवावी.

माझा कौल विचाराल तर मी जड चापापेक्षां लांब चापाच्या बाजूचा आहें. ओढ मध्यम असावी, खरखर नसावी, परंतु चाप सुटण्यापूर्वीं बोटाला पुरेसें अंतर कापावें लागावें. दचकलेलें बोट थोडेंसें आंखडतें. लांबीनें तें वांचतें. आणि ओढ सुसह्य असल्यामुळें निश्चयपूर्वक झाडलेली गोळी जेथें जावयाची तेथें जाते. हें साधण्यास वारंवार सराव लागतो, सरावाला गोळ्या आणि वेळ लागतो, आणि दोन्हींना पैसा लागतो. जड कमान पुष्कळ स्वस्त पडते. जखमी झालेल्या वाटसरूचें मत मात्र या काटकसरीच्या वेळीं घेतलेलें नसतें.

पुन्हां स्पर्धेच्या मैदानाकडे वळूं, कारण माझ्या श्रोत्यांपैकीं ज्यांचा पिस्तुलाशीं कधीं संबंध येईल त्यांचा बहुधा तेथेंच येईल. पुण्याला बालेवाडीस, कोल्हापुरास, मुंबईस आज शेंकडों मुलेंमुली हवाई पिस्तूल हातीं धरीत आहेत. त्यांचे आईबाप पोटाला चिमटा घेऊन परदेशी पिस्तूल आणतात, आणि महिन्याभरांत मुलगा म्हणूं लागतो कीं, याचा चाप मला मानवत नाहीं. हें कितपत खरें, हें कसें ओळखावें ?

बोटाला विचारूं नये, कारण बोट खोटें बोलतें. कालच्यापेक्षां आजचा चाप निराळा लागला एवढ्यावरूनच तें आज त्याला चांगला म्हणतें. नव्या चापावर पहिल्या दिवशीं गुण वाढतात, याचेंहि कारण बहुधा हेंच कीं, नवेपणामुळें मुलगा प्रत्येक गोळीला लक्ष देतो. आठवड्यानें लक्ष ओसरतें आणि गुण पूर्वपदावर येतात. मग पुन्हां पेंचकस हातीं घेतला जातो. मीं असेहि नेमबाज पाहिले आहेत कीं, ज्यांच्या पिस्तुलाचे स्क्रू त्यांच्या नळीच्या आधीं झिजले.

साक्ष घ्यावी ती कागदाची. शिक्षकानें मुलाच्या नकळत ओढीची वांटणी बदलावी व त्याला दहा-दहा गोळ्यांच्या फेऱ्या झाडावयास सांगावें; कोणत्या फेरीला कोणता चाप हें फक्त शिक्षकाच्या वहींत असावें. फेऱ्यांचा क्रमहि उलटसुलट करावा, नाहींतर थकव्याचा दोष शेवटच्या चापावर जातो. एका दिवसावर विसंबूं नये. चार-पांच दिवस तरी हें करावें. नंतर छिद्रांचा पुंजका किती पसरला आहे तें मोजावें. तो मध्यापासून सरकला असेल तर काळजीचें कारण नाहीं, तें खाच फिरवून दुरुस्त होतें. पसरला असेल तर तो चाप त्या हाताचा नव्हे. पुष्कळदां असें आढळतें कीं, मुलाला जो चाप आवडतो म्हणून त्यानें सांगितलें होतें त्याहून निराळ्याच चापावर पुंजका आटोपशीर पडला आहे. दोन चापांवर सारखाच पडला, तर खुशाल मुलाच्या आवडीचा ठेवावा. मनाला जो बरा वाटतो त्याचाहि कांहीं उपयोग असतोच.

एकदां ठरलें म्हणजे ओढीचें वजन, दोन टप्प्यांची वांटणी, चापाची जागा आणि तारीख हीं वहींत लिहून ठेवावींत. ओढ नेमकी ५०० ग्रॅमांवर न ठेवतां दहा-वीस ग्रॅम वर ठेवावी, म्हणजे कमानींत थोडा फरक पडला तरी तपासणींत धांदल उडत नाहीं. मग दोन महिने तरी स्क्रूला हात लावूं नये. त्या काळांत रोज पंधरा मिनिटें, छर्रा न भरतां, कोऱ्या भिंतीसमोर उभें राहून नुसता चाप ओढण्याचा सराव करावा, आणि चाप सुटतांना माशी खाचेंत हलली कीं नाहीं एवढेंच पाहावें.